बाजाराचा धनी कोण?

देश गरीब का राहतात, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार स्वस्त मिळते. कोणी पावसास दोष देतो, कोणी लोकांच्या आळसास, आणि ज्यास फार विचार करावयाचा नसतो तो कपाळावर बोट ठेवून मोकळा होतो. ह्या सर्व उत्तरांचा एक मोठा गुण असा की, त्यांच्या योगाने कोणासही जाब द्यावा लागत नाही. पावसावर फिर्याद लागत नाही आणि कपाळास नोटीस बजावता येत नाही. परंतु ज्यांनी ह्या विषयाचा जमाखर्च नीट तपासला आहे त्यांचे म्हणणे निराळे आहे. २०२४ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन व जेम्स रॉबिन्सन ह्या तिघा पंडितांस मिळाले, ते ह्याच शोधाबद्दल. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की, परक्या राज्यकर्त्यांनी जेथे रयतेचे हक्क राखणारे कायदे व मंडळे उभारली तेथे संपत्ती वाढली. जेथे केवळ माल काढून नेण्यापुरती व्यवस्था उभारली तेथे दारिद्र्य राहिले. आणि राज्यकर्ते निघून गेले तरी त्यांनी घातलेली ही घडी पुष्कळ ठिकाणी मोडली नाही.

चांदूर बाजारच्या कास्तकारास व व्यापाऱ्यास ह्या पांडित्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आमचे वऱ्हाड हा ह्या सिद्धांताचा दीडशे वर्षे चाललेला प्रयोगच आहे, आणि त्यातून जे निघाले ते पंडितांच्या सूत्राहून थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे. येथे चांगल्या संस्था आल्या नाहीत असे मुळीच नाही. त्या इतर पुष्कळ प्रांतांच्या आधी आल्या. तरीही २००६ साली देशाच्या पंतप्रधानांस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भात यावे लागले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. संस्था लवकर आल्या, मग समृद्धी का आली नाही? ह्या प्रश्नाचा निकाल लावल्यावाचून वऱ्हाडच्या सुधारणेच्या गोष्टी बोलणे आम्हांस व्यर्थ वाटते.

प्रथम जमिनीची गोष्ट घेऊ. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्यापूर्वी वसुलाचा मक्ता घेणारे इजारदार व त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सावकारी पेढ्या असा येथला कारभार होता. त्यानंतर १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि मुख्यत्वे रयतवारी पद्धत येथे रूढ झाली, म्हणजे शेत कसणाऱ्याचे नाव थेट सरकारच्या दप्तरी लागले. चांदूर बाजाराहून पूर्वेस मोर्शीवरून पुढे गेले की वर्धा नदी लागते. त्या नदीपलीकडे मध्यप्रांत होता व तेथे मालगुजारी होती. गावाचा मालगुजार मध्ये बसे, रयत त्याच्याकडे सारा भरी आणि तो सरकारकडे. एकच काळी माती, एकच पऱ्हाटी, एकच पाऊस. मध्ये एक नदी आणि दोन कायदे. अभिजित बॅनर्जी व लक्ष्मी अय्यर ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली सबंध हिंदुस्थानातील जिल्ह्यांची अशी तुलना प्रसिद्ध केली. जेथे जमीनदार मध्ये बसविला गेला ते जिल्हे, जमीनदारी रद्द होऊन कित्येक वर्षे लोटली तरी, शेतीच्या उत्पन्नात व शाळा-दवाखान्यांत रयतवारी जिल्ह्यांच्या मागे राहिलेले त्यांस दिसले. कागद जळाला तरी त्यावरचा मजकूर गावात चालूच राहतो, असाच ह्याचा अर्थ.

ह्या हिशेबाने वऱ्हाड पुढे असावयास पाहिजे होते. परंतु वर सांगितलेल्या २००६ च्या मदतीतील सहा जिल्ह्यांची नावे पाहा: अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा. पाच रयतवारी वऱ्हाडातील आणि एक मालगुजारी मुलखातील. संकटाने नदी ओळखली नाही. ह्याचे कारण उघड आहे. शेत नावावर लागले, तसे ते गहाण टाकण्यासही मोकळे झाले. कापसास भाव असता सावकार हात सैल सोडी, आणि भाव पडला की तोच हात आवळला जाई. अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, कापूस सोन्याच्या भावाने गेला. ती लाट ओसरल्यावर कर्जे तेवढी उरली. शेताची मालकी दिली, परंतु शेतातल्या मालाच्या किमतीवर मालकाचा काही अधिकार चालेल अशी सोय केली नाही, तर मालकी म्हणजे कर्जास तारण एवढाच तिचा उपयोग होतो. म्हणून जमिनीच्या कायद्यापेक्षा बाजाराचा कायदा आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याची कथा आमच्या वाचकांनी थोडी सविस्तर ऐकावी अशी विनंती आहे. ज्या गावाच्या नावातच बाजार आहे त्या गावी ती परकी वाटू नये.

हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने सुरू झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. बाजाराची जागा ठरवावी, तेथे कमिटी नेमावी, अडते, दलाल व मापाड्यांस परवाने द्यावेत, वजने-मापे तपासावीत, अनधिकृत कटती घेऊ नये, ही सर्व व्यवस्था ह्या देशात प्रथम आमच्या प्रांतात लिहिली गेली. ह्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. तथापि तो कायदा कोणाच्या कळवळ्याने झाला हेही विसरू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांस स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी दराने हवा होता. ओला किंवा सरकी मिसळलेला माल त्यांस नको होता. बाजार नीट व्हावा ही इच्छा खरी होती, पण ती खरेदी करणाऱ्याची होती. म्हणून कमिटीतही खरेदी करणाऱ्यांचेच वजन राहिले. शाही शेतकी कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडच्या बाजारांचा दाखला घेतला. पण त्यांच्या कमिट्यांत माल पिकविणाऱ्यास पुरेशी जागा नाही हे उणेही पुढे आले. त्याच्या आधीच्याच वर्षी, १९२७ साली, मुंबई इलाख्याने कापूस बाजाराचा जो कायदा केला, त्यात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी घेण्याची तजवीज होती. म्हणजे बाजार आम्ही आधी मांडला आणि बाजारात शेतकऱ्यास खुर्ची मात्र दुसऱ्यांनी आधी दिली.

खुर्ची असल्या-नसल्याने काय फरक पडतो, हे ज्यांनी जुने बाजार पाहिले किंवा वडिलांच्या तोंडून ऐकले आहेत त्यांस सांगावयास नको. रुमालाखाली बोटे धरून सौदा व्हावा, बंडीवर बसलेल्या कास्तकारास आपला माल कोणत्या भावास गेला हे पट्टी हाती पडेपर्यंत कळू नये, आणि पट्टीवर हमाली, तोलाई, नमुना, धर्मादाय, पांजरपोळ अशी इतकी पुण्यकृत्ये लिहिलेली असावीत की, ह्या एका बंडीवर गावचा सगळा परमार्थ चालतो की काय असे वाटावे! ह्या प्रथा बुडविण्यास पुढे १९३९ चा मुंबईचा व १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला. उघडा लिलाव, परवानाधारक मापाडी, ठरलेली अडत व हमाली आणि पैशाची ताबडतोब चुकती, हे नियम त्यातून आले. आमचे पुष्कळ वाचक अडत-व्यापारातले आहेत; त्यांस आम्ही असे विचारू की, उघड्या लिलावाने प्रामाणिक व्यापाऱ्याचे काय वाईट झाले? रुमालाचे राज्य असता जो कटती जास्त घेई तो बोली जास्त करू शके, आणि सचोटीने तोलणारा मागे पडे. नियमाने अप्रामाणिकाची सवलत गेली, व्यापार गेला नाही.

आता आमच्या मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. १९६३ च्या कायद्याने बाजार समिती शेतकऱ्यांच्या हाती दिली असे म्हणतात. १८ संचालकांपैकी १५ शेतकऱ्यांच्या बाजूचे, २ अडते-व्यापाऱ्यांचे व १ हमाल-मापाड्यांचा, अशी रचना सर्वांस परिचित आहे. कागदावर पाहता शेतकऱ्याचे एवढे मोठे बहुमत दुसऱ्या कोणत्याच मंडळात सापडणार नाही. परंतु ते १५ कोण निवडतो? ११ जण सेवा सहकारी सोसायट्यांच्या पंचांनी निवडावयाचे आणि ४ जण ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी. बंडी जुंपून किंवा ट्रॅक्टर भरून जो माल आणतो, त्याच्या हाती मत नाही. तालुक्यात हजारो खातेदार असावेत आणि त्यांच्या बाजाराचा धनी काहीशे पंचांनी ठरवावा, अशी ही व्यवस्था आहे. काहीशे मतदार म्हणजे काय, हे निवडणुकीच्या दिवसांत ज्यांनी मतदारांच्या 'सहली' निघताना पाहिल्या आहेत त्यांस आम्ही अधिक काय सांगावे! दहा हजार माणसांस सहलीस नेता येत नाही; तीनशेंस नेता येते. संस्थेची सगळी नीती कित्येकदा अशा एका लहानशा अंकगणितात असते.

हे अंकगणित बदलण्याचा यत्न झाला नाही असे नाही. २०१७ साली राज्य सरकारने कायदा दुरुस्त करून, निदान १० गुंठे जमीन असलेल्या व मागील पाच वर्षांत तीनदा तरी त्या बाजारात माल विकलेल्या शेतकऱ्यास थेट मत दिले. २०२० साली दुसरे सरकार आले आणि ते मत काढून घेतले गेले. कारण असे सांगितले गेले की, एवढ्या मोठ्या मतदारयादीच्या निवडणुकीचा खर्च लहान बाजार समित्यांस झेपत नाही. खर्चाची अडचण खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या हक्कास खर्च फार येतो तो हक्कच रद्द करावयाचा, हा न्याय विधानसभेच्या निवडणुकीस कोणी लावील काय? ग्रामपंचायतीच्या मतदानाबरोबर बाजार समितीचे मतदान घेता आले असते; खर्चाचा काही भाग राज्याने उचलता आला असता. पण हक्क देणाऱ्या सरकारातही आणि काढणाऱ्या सरकारातही ज्याचा तो हक्क, त्यास कोणी विचारले नाही. तीन वर्षांत एक मोठी सुधारणा आली व गेली, आणि चांदूर बाजारच्या चौकात त्यावर एक सभा भरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुढे २०२३ च्या निवडणुकांत शेतकऱ्यास उमेदवार होण्याची मुभा मिळाली. मत मात्र पंचांचेच राहिले. वरास मांडवात येऊ द्यावे पण अक्षता इतरांनीच टाकाव्यात, असाच हा प्रकार.

कोणी म्हणेल की, बाजार सरकारनेच हाती घेतला म्हणजे ही कटकट मिटेल. तोही प्रयोग आम्ही करून पाहिला आहे. १९७१ च्या कायद्याने व १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. खासगी व्यापारास बंदी, सरकारी केंद्रावर माल, हमी भाव, आणि पुढे नफा झाल्यास दुसरा व तिसरा हप्ता. हेतू चांगला होता, आणि आरंभीच्या वर्षांत कास्तकारास आधार मिळाला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. सोसायटीचे पीककर्ज कापसाच्या रकमेतून आपोआप वसूल होत असल्याने पतपुरवठ्याचे चाकही फिरत राहिले. परंतु ज्या मंडळाने भाव ठरवावयाचा ते मंडळ मंत्रालयास जाब देत होते, कास्तकारास नव्हे. आणि मंत्रालय निवडणुकीच्या पंचांगाकडे पाहत होते. शेजारच्या मुलखात भाव चढला की येथला माल रात्री सीमा ओलांडू लागे, आणि तेथे पडला की सरकारी केंद्रापुढे रांगा लागत. ग्रेडरच्या एका शब्दाने प्रत खाली येई आणि त्या शब्दावर अपील कोठे करावे हे कास्तकारास ठाऊक नसे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ह्या सक्तीविरुद्ध झुंज दिली, ती केवळ भावासाठी नव्हती. आपला माल कोणास विकावा हे ठरविण्याचा हक्क मागण्यासाठी होती. शेवटी २००२ नंतर मक्तेदारी सैल झाली. २००४-०५ च्या हंगामात, निवडणुकीच्या वर्षी, क्विंटलमागे ५०० रुपयांचा आगाऊ बोनस होता. पुढल्या हंगामात तो बंद झाला. ज्याने त्या बोनसवर विसंबून पेरणीचे कर्ज काढले होते, त्यास ह्या निर्णयाची सूचना कोणी आधी दिली नव्हती.

आमच्या ह्या अनुभवाचे जुळे भावंड आफ्रिकेत सापडते. घाना देशात, तो इंग्रजांच्या ताब्यात असताना, १९४७ साली कोकोच्या खरेदीसाठी एक सरकारी मंडळ स्थापन झाले. कोकोचे सर्व पीक त्यासच विकावे, मंडळाने जगाच्या बाजारात विकावे, आणि चांगल्या वर्षीची शिल्लक वाईट वर्षी शेतकऱ्याच्या उपयोगी पडावी, अशी मूळ कल्पना होती. १९५७ साली देश स्वतंत्र झाला. शिल्लक शेतकऱ्याची म्हणून ठेवलेली. ती खर्च करण्याचा अधिकार मात्र राजधानीचा. मग ती शहरांतील कारखान्यांत, नोकऱ्यांत व पक्षाच्या कामांत जिरू लागली, आणि शेतकऱ्याच्या हाती जगाच्या बाजारभावाचा लहानसा अंश उरू लागला. त्याने काय करावे? काही माल चोरवाटेने शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये गेला, आणि पुष्कळांनी झाडांची निगा सोडून दिली. १९६४-६५ साली साडेपाच लाख टनांच्या घरात असलेले पीक १९८३-८४ साली सुमारे एक लाख साठ हजार टनांवर आले. जमीन तीच होती, लोक तेच होते, आणि जगास चॉकलेटची गोडी कमी झाली नव्हती. परक्यांनी जी तिजोरी बांधली, तिची किल्ली तेवढी स्वकीयांनी हाती घेतली. किल्ली कोणास दाखवावी लागेल हा प्रश्न कोणी केला नाही.

त्याच खंडात एक उलट उदाहरणही आहे. बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातील अत्यंत दरिद्री देशांत त्याची गणना होती. पुढे हिरे सापडले. हिरे सापडून देशोधडीस लागलेली राज्ये आफ्रिकेत थोडी नाहीत. परंतु बोट्स्वानात खनिजांचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आला, आणि ज्या पुढाऱ्याच्या स्वतःच्या जमातीचे त्यात नुकसान होण्यासारखे होते त्या सेरेत्से खामा यांनीच तो आणविला. तेथे गावोगावी 'कगोटला' म्हणून जुनी सभा असते; तीत सामान्य मनुष्यासही मुखियास तोंडावर प्रश्न विचारण्याची परंपरा आहे. निवडणुका ठरल्या वेळी होत गेल्या, आणि २०२४ साली ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष मतदानात हरला तेव्हा त्याने मुकाट्याने सत्ता सोडली. हा देश निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. विषमता व रोगराई त्याच्या वाट्यास पुष्कळ आली. तथापि जमिनीखालच्या संपत्तीचा उपयोग जमिनीवरच्या लोकांस थोडातरी झाला, ह्याचे श्रेय हिऱ्यांस नसून त्या सभेस व त्या वेळेवरच्या निवडणुकांस आहे.

आता वेळेवरच्या निवडणुकांची गोष्ट निघालीच आहे तर घरचे पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदेची मुदत पाच वर्षे ठरविली व ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे असे स्पष्ट लिहिले. असे असता इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद व प्रभागरचनेचे घोळ ह्यांच्या नावाखाली महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदा, महानगरपालिका व जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. सर्वोच्च न्यायालयास ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्या असे बजावावे लागले, मुदत वाढवूनही द्यावी लागली, आणि अखेर नगरपरिषदांचे मतदान त्या डिसेंबरात झाले. प्रशासक हा बहुधा कर्तबगार व कित्येकदा सज्जन गृहस्थ असतो. परंतु नळास पाणी तीन दिवसांनी आले तर त्याच्या दारात उभे राहून बोलणे आणि आपण मत दिलेल्या सदस्याच्या दारात उभे राहून बोलणे, ह्यांत जो फरक आहे तोच अर्जदारात व नागरिकात आहे. त्या वर्षांत किती शहरांतील किती व्यापारी मंडळांनी नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मागून वाचले, हे आम्हांस जाणून घ्यावयास आवडेल. दुकानातील पैशाचा मेळ रोज घालणारा मनुष्य गावच्या पैशाचा मेळ वर्षातून एकदाही विचारीत नाही, हे आम्हांस नेहमीच एक कोडे वाटत आले आहे.

स्थानिक मंडळ लोकांच्या हाती असले व त्यात धडाडीचा मनुष्य बसला तर काय होते, ह्यास दूर जावयास नको. १९२८ साली पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. कौन्सिलचे अधिकार ते केवढे, उत्पन्न ते केवढे! तरीही त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांस खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न धसास लावला. पुढे प्रांताचे मंत्री असताना कर्जलवाद कायद्यासाठी ते झटले, ज्यायोगे सावकार व ऋणको ह्यांस एका मंडळापुढे बसून कर्जाचा निकाल लावता यावा. विहीर तीच, पाणी तेच; ती कोणाची हे ठरविणारा कागद बदलला. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंजाबरावांसारखी माणसे दर पिढीस मिळत नाहीत, आणि जी व्यवस्था केवळ थोर पुरुषाच्या हातीच नीट चालते ती व्यवस्था अपुरी समजावी.

विदर्भाच्या वाट्याचे काय झाले, हा प्रश्न ह्याच जातीचा आहे. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे वचन दिले. त्यावर राज्य झाले, आणि १९८४ साली दांडेकर समितीने हिशेब मांडला तेव्हा सबंध राज्याच्या सुमारे ३,१८६ कोटींच्या अनुशेषापैकी ३९ टक्क्यांहून अधिक विदर्भाचा निघाला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळ आले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढली नाही. मंडळाने फार केले असे आम्ही म्हणत नाही. त्यास सल्ला देता येई, खर्च करविता येत नसे. परंतु दरसाल आकडे मांडले जात होते. आकडे मांडणाराच गेल्यावर, कमी पडले हे कोणी व कशाच्या आधारे सांगावयाचे? पूर्णेच्या खोऱ्यातील ज्या शेतास धरण असूनही पाणी पोचले नाही, त्याच्या मालकास आपला वाटा किती हे आता कोणत्या दप्तरात पाहावयास मिळेल?

आणि जेथे आमचे काहीच चालत नाही अशा ठिकाणीही आमचा भाव ठरतो. २०२५ च्या ऑगस्टात, कापसाचे पीक शेतात उभे असता, केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर उठविला व ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे नेमकी वेचणीच्या महिन्यांत. गिरणीवाल्यांस अमेरिकेने लादलेल्या जकातीची झळ लागत होती, हे खरे. त्यांच्या संघाने दिल्लीस जाऊन गाऱ्हाणे घातले आणि त्यांचे ऐकले गेले. त्यात त्यांचा दोष नाही. मध्यम धाग्याच्या कापसास ७,७१० रुपये व लांब धाग्याच्यास ८,११० रुपये हमी भाव त्या हंगामास जाहीर होता, तो केंद्रापर्यंत माल पोचविणाऱ्यास मिळावयाचा. प्रश्न एवढाच की, ज्या दालनात हा निर्णय झाला तेथे वऱ्हाडच्या कास्तकाराची बाजू मांडण्यास कोण होते? संत्र्याचेही तेच. बांगलादेशाने आमच्या संत्र्यावरील आयातकर २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये होता तो २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेला, आणि आमच्या तालुक्यातील, मोर्शीतील व वरूडमधील बगीच्यांत फळ झाडावर असतानाच त्याची किंमत उतरली. ढाक्याच्या सरकारावर आमचे मत चालत नाही, पण वाटाघाट करणाऱ्या दिल्लीवर चालते. ते चालविण्यास संत्रा पिकविणारा व संत्रा पाठविणारा ह्यांचा एक संघ लागतो. आणि हे दोघे एकमेकांस गिऱ्हाईक समजतात, सहकारी समजत नाहीत, ही आमची जुनी दुखणी.

सबब आमचे म्हणणे थोडक्यात दिल्लीस व मुंबईस नसून प्रथम गावास आहे. व्यापारी बंधूंनी असे समजू नये की, शेतकऱ्यास थेट मत मिळाले तर समिती त्यांच्या विरुद्ध उठेल. काहीशे पंचांच्या समितीस खूश ठेवण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे ते आमच्याहून अधिक जाणतात. रोजच्या लिलावाचे भाव वाणवार व ढीगवार फलकावर व मोबाइलवर त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावेत, समितीचा वार्षिक हिशेब मराठीत छापून यार्डात मोफत वाटावा, मापाबद्दलच्या तक्रारीचा निकाल त्याच दिवशी यार्डातच व्हावा, ह्या मागण्यांत अशी कोणती क्रांती आहे की जी सचोटीच्या अडत्यास नको वाटावी?

राज्यातील बहुतेक बाजार समित्यांच्या निवडणुका २०२३ च्या एप्रिलात झाल्या. पाच वर्षांची त्यांची मुदत २०२८ मध्ये संपेल. त्यापूर्वी मतदारयाद्या तयार व्हावयाच्या आहेत. २०१७ चे मत परत द्यावे व त्याचा खर्च राज्याने सोसावा, असा ठराव आमच्या तालुक्यातील ग्रामसभांनी आताच करावयास पाहिजे, आणि त्याच ठरावावर येथील अडत-व्यापारी मंडळाची सहीही पडावयास पाहिजे. यार्डात माल आणणाऱ्या प्रत्येकाची पट्टी समितीच्या दप्तरी आहेच. तीन पट्ट्या ज्याच्या नावे निघतील तो मतदार. यादी करण्यास ह्याहून निराळ्या कागदाची गरज नाही.